सामान कोणाच्या भरवशावर पाठवावे?

मार्चच्या परीक्षा आटोपल्या की आम्हा शिक्षकांना दोन तऱ्हेचे फोन येऊ लागतात. निकाल कधी लागणार, हा एक. दुसरा कुवेतहून, दुबईहून नाहीतर दम्मामहून असतो. "अस्सलामु अलैकुम सर, यंदा कायमचे परत येतोय. मुलीला आठवीत, मुलाला पाचवीत घ्याल ना?" प्रवेशाचे बोलणे पाच मिनिटांत संपते. फोन ठेवायची वेळ आली की हळूच पुढचा प्रश्न येतो, "सामानाचं काय करावं सर? इथं कार्गोवाले गल्लोगल्ली आहेत. भरोसा ठेवायचा तरी कोणावर?"

श्रीवर्धन-म्हसळ्यापासून खाली राजापूरपर्यंतच्या आमच्या मोहल्ल्यांना परदेशातून येणारे सामान नवे नाही. पूर्वी माणूस एकटा जायचा, दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. दोरीने आवळलेले खोके, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव, आत ब्लँकेटे, अत्तर, पोरांसाठी चॉकलेटे. ते सामान त्याच्याबरोबरच विमानातून उतरायचे. आता कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे राहिली, मुले तिकडेच जन्मली, आणि परतताना दहा-पंधरा वर्षांचा संसार बरोबर असतो. तो दोरीने आवळून विमानात घालता येत नाही. तो समुद्रमार्गे येतो, आणि वाटेत तो किती हातांतून जातो याची कल्पना बहुतेकांना नसते. फसगत इथूनच सुरू होते.

तुमच्या फ्लॅटवर येऊन खोकी बांधणारी माणसे एका कंपनीची. ती कंपनी लहान असेल तर ती तुमचे सामान दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या गोदामात नेऊन टाकते. तिथे दहा-बारा कुटुंबांचे सामान जमले की एक कंटेनर भरतो. मग तो जहाज कंपनीच्या ताब्यात जातो. न्हावा शेवा बंदरात उतरला की तो जवळच्या कंटेनर गोदामात जातो, तिथे सामान वेगवेगळे होते. कस्टमचे काम तिसराच माणूस करतो, आणि गावापर्यंत टेम्पो चौथा आणतो. या साखळीत प्रत्येकाला त्याच्या आधीच्याने पैसे द्यायचे असतात. मधल्या एकाने ते दिले नाहीत तर पुढचा तुमचे सामान अडवून ठेवतो. तुम्ही पहिल्याला पूर्ण पैसे दिले आहेत, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

आमच्या परिचयातील एक कुटुंब चौदा वर्षे कुवेतला काढून परतले. पती एका कारखान्यात फोरमन, पत्नी नर्स. त्यांनी तीन कंपन्यांकडे विचारले. दोघांनी माणूस पाठवून घर पाहिले, कपाटे मोजली आणि दर सांगितला. तिसऱ्याने फोनवरच विचारले, "दोन बेडरूम ना? काळजी नको, डोअर टू डोअर." त्याचा दर सर्वांत कमी होता आणि माणूस 'आपल्याच बाजूचा' होता. काम त्यालाच दिले, सगळे पैसे आगाऊ दिले. हे लोक गावी येऊन दीड महिना झाला तरी सामानाचा पत्ता नाही. मग मुंबईहून एका अनोळखी एजंटाचा फोन आला की तुमचे सामान बंदरात पडून आहे, बंदराचे, गोदामाचे, कागदपत्रांचे असे इतके पैसे भरा. कुवेतच्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, "तिकडचे चार्ज त्यात नव्हते. पावतीवर लिहिलंय बघा." खरेच पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे लिहिले होते. कोण खरे, कोण खोटे या वादात आणखी दिवस गेले, आणि बंदरात तर दिवसावर भाडे चढते. शेवटी मूळ भाड्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम पुन्हा मोजली तेव्हा टेम्पो दारात आला. खोकी मोजली तर दोन कमी. त्यातल्या एका खोक्यात बाईंच्या नर्सिंगच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका आणि नोंदणीचे कागद होते. शहरातल्या एका रुग्णालयात नोकरी ठरत आली होती. दुसऱ्या प्रती काढता काढता वर्ष गेले आणि ती जागा अर्थातच थांबली नाही.

म्हणून पहिली गोष्ट आम्ही सर्वांना सांगतो. कंपनी कितीही चांगली असो, कागद कंटेनरमध्ये जात नाहीत. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, जन्मदाखले, निकाहनामा, पदव्या, दवाखान्याच्या फायली, घरा-जमिनीचे कागद हे सगळे हातातल्या पिशवीत. दागिनेसुद्धा. मुलांचे दाखले कंटेनरमध्ये आहेत, सामान आले की आणून देतो, असे सांगणारे पालक दरवर्षी जूनमध्ये आमच्यासमोर उभे असतात. तोवर मुलांची नावे कच्च्या हजेरीत.

आता कंपनी निवडण्याकडे वळू. जी कंपनी घर न पाहता दर सांगते तिला तिथेच सलाम करावा. समुद्रमार्गे सामानाचा दर मुख्यतः जागेवर ठरतो, वजनावर नाही, आणि जागा मोजतात घनमीटरमध्ये. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरचे खोके घेतले तर अशी आठ खोकी म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. हा हिशेब घरी सातवीतल्या मुलाकडून करून घ्यावा, त्याचाही अभ्यास होतो. वीस फुटी कंटेनरच्या आतली जागा साधारण ३३ घनमीटर असते, पण सोफे-कपाटांमध्ये फटी राहतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच सामान मावते. तुमचे सामान सात-आठ घनमीटरच असेल तर अख्खा कंटेनर घेण्यात अर्थ नाही, इतरांबरोबर वाटून जाणे स्वस्त पडते. मात्र वाटून जाणाऱ्या सामानाला कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते, आणि शेजारच्या कुटुंबाच्या कागदात खोट निघाली तर तुमचेही सामान त्याच्याबरोबर अडकू शकते. संसार मोठा असेल आणि खिशाला झेपत असेल तर स्वतःचा कंटेनर केव्हाही बरा.

तिघांकडून दर घ्यावेत, पण तिघांनाही एकच यादी द्यावी आणि तिघांकडूनही लेखी उत्तर घ्यावे. मग रकमेकडे न बघता आधी त्या रकमेत काय काय आहे ते बघावे. बांधणी, चढवणे, तिकडच्या बंदराचा खर्च, जहाजाचे भाडे, इकडच्या बंदराचा खर्च, कंटेनर गोदामाचा खर्च, कस्टमचे काम करणाऱ्याची फी, गावापर्यंतची वाहतूक, वर चढवणे, खोकी उघडून रिकामी खोकी परत नेणे. यातले जे नाही ते 'नाही' असे लिहून घ्यावे. 'डोअर टू डोअर' या शब्दांवर जाऊ नये, कारण दोन दारांच्या मध्ये न्हावा शेवा आहे. कस्टमची ड्यूटी कोणतीच प्रामाणिक कंपनी आपल्या दरात धरत नाही, कारण ती आधी कोणालाच नेमकी ठाऊक नसते. "ड्यूटी बिड्यूटी सगळं आमच्यावर" असे म्हणणारा भेटला तर तो तुमचे सामान कोणत्या नावाने आणि कोणत्या मार्गाने काढणार, हे विचारावे.

गोदाम प्रत्यक्ष जाऊन बघावे. सुट्टीचा एक जुमा त्यासाठी घालवला तरी चालेल. तिथे नावाची पाटी, परवाना आणि पावती या तिन्हींवर एकच नाव आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. त्यांचा भारतातला एजंट कोण, त्याचे नाव-पत्ता लेखी मागावा आणि निघण्याआधीच इथल्या भावाला किंवा मेहुण्याला त्याला फोन करायला सांगावे. त्याने "हो, त्यांचं काम आम्हीच करतो" असे म्हटले तर ठीक. भारतात कस्टमसमोर दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याला कस्टम ब्रोकरचा परवाना लागतो, त्यासाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. तेव्हा परवाना कोणाच्या नावे आहे, हेही विचारता येते. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडून येणाऱ्यांनी कंपनी 'फिडी'ची सदस्य आहे का ते पाहावे. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांची ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५० पासून आहे, तिचे मुख्यालय ब्रुसेल्समध्ये आहे आणि सदस्य कंपन्यांची ती तपासणी करवून घेते. आखातातल्या लहान कार्गोवाल्यांपैकी फारसे कोणी तिथे सापडणार नाही. म्हणून ते सगळे लबाड ठरत नाहीत, पण चौकशीचा भार तुमच्यावर येतो.

'आपलाच माणूस' या गोष्टीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण आपल्याकडे निम्मी कामे याच एका शिफारशीवर होतात. गावचा आहे, जमातीचा आहे, त्याच्याकडून लिहून काय घ्यायचे, वाईट दिसते. आम्हाला हे कधीच पटले नाही. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल जी आयत आहे, ती सगळ्या कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. सामान ही अमानत आहे असे जो म्हणतो, त्याला ती कागदावर लिहून द्यायला अडचण का वाटावी? आणि शिफारस करणाऱ्याला इतकेच विचारावे, "तुमचं स्वतःचं सामान यांच्याकडून आलं होतं का? कोणत्या साली? शेवटी किती पैसे लागले?" बहुतेक वेळा उत्तर येते की माझे नाही, माझ्या साडूच्या ओळखीतल्या कुणाचे तरी. मग त्या कुणाचा तरी नंबर घ्यावा.

सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. थोडे ठरवताना, बरेचसे सामान गोदामातून निघून जहाजाचा कागद हाती आल्यावर, जमल्यास शेवटचा हिस्सा इथे पोचल्यावर. जहाजाचा कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. माल त्या कागदाशिवाय सुटत नाही. त्यावर घेणाऱ्याचे नाव तुमच्या पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न अक्षर, असले पाहिजे. त्यावर कंटेनरचा नंबरही असतो, चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे. हा नंबर जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कंटेनर कुठे आहे ते घरबसल्या दिसते, मग कोणी "जहाज लेट आहे" असे खोटे सांगू शकत नाही. अख्खा कंटेनर तुमचाच असेल तर दाराला लावलेल्या सीलचा नंबरही टिपून ठेवावा.

आमच्या समाजात विमा हा शब्द आला की दोन गट पडतात. परंपरागत विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांच्यासाठी आखातात तकाफुल कंपन्या आहेत, तिकडे विचारता येते. पण कार्गोवाला स्वतःच "आमची गॅरंटी" म्हणतो, ती विमा नव्हे आणि तकाफुलही नव्हे. ती हवा आहे. कागद विमा किंवा तकाफुल कंपनीचाच हवा, आणि त्यात सगळ्या धोक्यांची भरपाई आहे की फक्त सगळेच सामान बुडाले तर, हे वाचून घ्यावे. स्वस्त कागद बहुधा दुसऱ्या जातीचा असतो, म्हणजे वीस कपांचा सेट फुटला तर काही मिळत नाही. स्वतः बांधलेल्या खोक्यांतल्या फुटीची भरपाई सहसा मिळत नाही, म्हणून काच-चिनीमाती त्यांच्याच माणसांकडून बांधून घ्यावी. युरोपातून येणाऱ्यांना आणखी एक सांगतो. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले होते, ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतर जहाज सोडवण्याच्या खर्चात त्यावरच्या मालाच्या मालकांनीही वाटा उचलावा, असे जहाजमालकांनी जाहीर केले. समुद्री व्यापारातला हा फार जुना रिवाज आहे. विमा असेल तर हा वाटा विमा कंपनी भरते, नसेल तर तुम्ही.

कस्टमचे नियम प्रत्येकाने स्वतः वाचावेत, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत. २०१६ च्या बॅगेज नियमांत, परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला घरसामानावर पाच लाख रुपयांपर्यंत ड्यूटीची सवलत ठेवली होती. त्या दोन वर्षांत भारतातल्या सुट्ट्यांचे दिवस मिळून सहा महिन्यांहून जास्त नसावेत आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी, अशा अटी होत्या. मागाहून येणारे सामान माणूस पोचल्यापासून महिन्याच्या आत तिकडून रवाना झालेले असावे, आणि आधी यायचे तर फार तर दोन महिने आधी, असेही त्यात होते. या रकमा आणि मुदती सरकार बदलत असते, म्हणून तुम्ही ज्या महिन्यात निघाल त्या महिन्यात लागू असलेले नियम केंद्रीय सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढून घ्यावेत. जुना अनुभव कसा दगा देतो ते टीव्हीवरून कळेल. सुट्टीवर येताना सपाट पडद्याचा टीव्ही बरोबर आणायची आपल्याकडे चालच पडली होती. २६ ऑगस्ट २०१३ पासून त्यावरची मोफत सवलत गेली, आणि तरी पुढे कितीतरी जण "गेल्या वर्षी मामूंनी आणला" म्हणत विमानतळावर ड्यूटी मोजत राहिले.

यादी खरी लिहावी. वापरलेले ते वापरलेले, नवे ते नवे. आणि कुणाचे बंद पार्सल आपल्या खोक्यांत घेऊ नये, ते शेजारच्या खालाजानचे असले तरी. यादीखाली तुमची सही असते की हे सगळे माझे आहे. त्यात काही निघाले तर उत्तर तुम्हाला द्यायचे आहे. याहून वाईट प्रकार म्हणजे परतणाऱ्या कामगाराला थोडे पैसे देऊन त्याचा पासपोर्ट मागणारे लोक. ते दुसऱ्याचा माल त्याच्या नावाने, त्याच्या सवलतीत आणू पाहतात. १९६२ च्या कस्टम कायद्याने खोट्या घोषणेचा माल जप्त होतो आणि दंड होतो तो पासपोर्टवर ज्याचे नाव आहे त्याला.

काय आणावे, यावर प्रत्येक घराचे वेगळे मत असणार, त्यात आम्ही पडत नाही. एवढेच सांगतो की सौदीची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. दुबई-कुवेतची आपल्यासारखीच ५० ची आहे. तेव्हा सौदीहून फ्रीज, वॉशिंग मशीन आणण्याआधी मागच्या पट्टीवर दोन्ही आकडे लिहिले आहेत का ते बघावे. नाहीतर भाडे भरून शोभेची वस्तू येते.

उलट दिशेने, म्हणजे इथून तिकडे संसार नेणाऱ्यांचे प्रमाण कमी असले तरी त्यांनाही दोन गोष्टी. कॅनडाला जाताना मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच द्यावी लागते. इंग्लंडसाठी सवलतीचा अर्ज आधी करावा लागतो. ऑस्ट्रेलियावाले बुटाच्या तळव्याची मातीदेखील बघतात. आणि आखातात जाणाऱ्यांनी अम्मीने प्रेमाने भरून दिलेले मसाल्याचे डबे एकदा स्वतः उघडून बघावेत. आपल्या रश्श्यातली खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदीत अमली पदार्थांच्या यादीत मोडते, आणि त्यावरून माणसे तुरुंगात गेली आहेत.

सामान कोकणात यायचे असेल तर जूनच्या आत येईल असे बघावे. पावसात घाटात दरड आली की टेम्पो अडतो, आणि आमच्या मोहल्ल्यांच्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, ती नाक्यावर उभी करून लहान गाडीने फेऱ्या माराव्या लागतात. हा खर्च कोणाचा, तेही आधीच ठरवून घ्यावे. खोकी उतरताना घरातल्या एकाने यादी हातात धरून दारात उभे राहावे, नंबर वाचून खूण करावी. पोचपावतीवर सही शेवटचे खोके आत आल्यावरच. काही फुटले, भिजले, कमी आले तर त्याच पावतीवर सहीच्या वर लिहावे, फोटो काढावेत आणि कागदात दिलेल्या मुदतीत भरपाईची मागणी पाठवावी. टेम्पोवाला घाई करेल, त्याला चहा द्यावा आणि मोजत राहावे.

आखातातल्या शाळांतून आलेल्या मुलांना इथल्या मराठी आणि उर्दू माध्यमात बसवताना कोणत्या इयत्तेत काय अडचण येते, याबद्दल पालकांचे बरेच प्रश्न आमच्याकडे जमले आहेत. ते पुढच्या अंकात घेऊ.